सोडून देण्याआधी

सकाळी तळ्याकाठी फिरायला येणाऱ्यांत कधीतरी एखादं कुटुंब हातात बादली घेऊन आलेलं दिसतं. बादलीत कासव असतं. मुलाच्या हट्टापायी आणलं तेव्हा ते त्याच्या तळहातावर मावत होतं. आता काचेच्या टाकीत त्याला धड वळता येत नाही, आणि पाणी दोन दिवसांत वास मारायला लागतं. मग शहाणपणाने ठरतं, की बिचाऱ्याला मोकळं करू. आजी हात जोडते, कारण कासव म्हणजे विष्णूचा अवतार. बादली पाण्यावर तिरकी होते आणि सगळे समाधानाने घरी जातात.

या माणसांच्या मनात काही खोट नसते. म्हणूनच हे मला जास्त लागतं.

त्या कासवाच्या डोळ्यामागे कुंकवासारखा लाल पट्टा असतो. हा रेड इअर्ड स्लायडर; त्याचं मूळ घर अमेरिकेतलं मिसिसिपी नदीचं खोरं. अशी पिल्लं हाताळणाऱ्या लहान मुलांना साल्मोनेलाची बाधा होऊ लागली, म्हणून खुद्द अमेरिकेने १९७५ साली चार इंचांहून लहान कासवांच्या विक्रीवर बंदी आणली. १९९७ मध्ये युरोपीय संघाने त्याची आयात थांबवली. जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर परक्या प्रजातींच्या यादीत त्याचं नाव आहे. थंड मुलखात त्याची अंडी पुष्कळदा उबतच नाहीत. आपल्याकडे तो अडसरही नाही, इथे ऊब बारा महिने आहे. आपली कासवं पाळणं १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा, आणि हा परदेशी पाहुणा मात्र वर्षानुवर्षं दुकानांत राजरोस विकला गेला.

तो पाण्यात सुटला की चरत सुटतो. शेवाळ, मासे, बेडकांची पिल्लं, गोगलगायी, त्याला काहीही चालतं. ऊन खायला बसण्याची जागाही तो बळकावतो. आणि ज्या पाण्यात तो उतरतो ते रिकामं नसतं, तिथे आधीपासून कुणीतरी राहत असतं.

आपल्या तळ्यांतलं मऊ पाठीचं कासव एकदा जवळून पाहायला हवं. पाण्यावर फक्त नळीसारखं नाक येतं, श्वास घेतं आणि दिसेनासं होतं. जमिनीवर त्याला भीती वाटली की ते पाय आत ओढतं आणि पोटाखालच्या कातडी झडपा मागच्या पायांवर घट्ट मिटून घेतं, दार लावून घ्यावं तसं. उन्हाळ्यात तळं आटलं की ते चिखलात गाडून घेऊन पावसाची वाट पाहतं. मेलेले मासे खाऊन पाणी स्वच्छ ठेवण्याचं काम ते कुणाच्या लक्षातही न येता करत असतं. कृष्णा-गोदावरीच्या खोऱ्यांत त्याचं एक मोठं भावंड राहतं, लीथचं मऊ पाठीचं कासव. ते इतकं विरळ झालंय, की २०२२ साली त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर सर्वांत कडक बंदी घालावी लागली.

खरं सांगायचं तर सगळा दोष स्लायडरवर ढकलून चालणार नाही. आपण तळ्यांचं सुशोभीकरण करतो, म्हणजे काठाला चहूबाजूंनी दगडी किंवा सिमेंटची भिंत बांधतो. कासवाची मादी अंडी घालते ती मातीत खड्डा करून. भिंत चढून तिने जायचं कुठे? आधी आपणच तिची माती काढून घेतो, आणि मग उरलेल्या पाण्यात बादली रिकामी करतो.

स्लायडर तीस वर्षंही जगू शकतो. मूल नोकरीला लागेल, कदाचित त्याचं लग्नही होईल, तेव्हाही ते कासव घरात असेल. विकत घेताना दुकानात हे कुणी सांगत नाही, म्हणून आपणच एकमेकांना सांगायला हवं. ज्यांच्या घरी ते आलंच आहे, त्यांनी मोठी टाकी घ्यावी, उन्हाची जागा करून द्यावी, पाणी बदलत राहावं. अगदीच झेपेना, तर प्राण्यांचं बचावकार्य करणाऱ्या संस्थेला विचारावं, पण तळं, विहीर, नदी यांतलं काही नको. आणि पावसाळ्यात रस्ता ओलांडणारं देशी कासव अडकलेलं किंवा जखमी दिसलं, तर त्याला घरी न आणता वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करावा.