तिकीट किती लावायचं?

जर्मनीत असलेल्या माझ्या नातीला माझ्याकडून एक पोस्टकार्ड हवं आहे. वास्तविक मी तिला रोज सकाळी फोनवरून सूर्योदय, गुलाबाचं फूल आणि सुविचार असा भरगच्च मजकूर पाठवत असतो. पण तो ती उघडून बघत नाही, असा मला दाट संशय आहे. गेल्या रविवारी म्हणाली, "अरे आजोबा, खरं कार्ड पाठव ना. हातानं लिहिलेलं. आणि तिकीट छान लाव हं, नुसता मशीनचा शिक्का नको." वय वर्षं नऊ, पण हुकूम सुटला.

मी राहतो नाशिकरोडला. देशाची टपालतिकिटं छापणारी सिक्युरिटी प्रेस १९२५ सालापासून आमच्याच गावात आहे. त्यामुळे तिकीट या विषयातलं आपल्याला उपजत कळतं, असा नाशिकरोडच्या प्रत्येक माणसाचा समज असतो. सांगलीच्या माणसाचा हळदीबद्दल असतो तसाच. त्या प्रेसच्या भिंतीपलीकडे मी जन्मात पाऊल टाकलेलं नाही ही गोष्ट वेगळी. तेव्हा मोठ्या रुबाबात पोस्टाच्या खिडकीपाशी गेलो आणि म्हटलं, "परदेशी कार्डाला तिकीट किती लावायचं?"

खिडकीतल्या बाईंनी संगणकात पाहून दर सांगितला. तो मी इथे लिहीत नाही, कारण हे छापून तुमच्या हाती पडेपर्यंत तो बदललेला असेल आणि मग तुमचं कार्ड परत आलं की तुम्ही मला धराल. दर सांगून बाईंनी तिकिटांची फाइल उघडली आणि विचारलं, "कुठली देऊ?"

आता बघा, हा प्रश्न वाटतो तितका साधा नाही. कार्ड देशातल्या देशात जायचं असेल तर काय, हाताला येईल ते तिकीट चिकटवावं. पण परदेशी जाणारं तिकीट म्हणजे दारात उभं राहून सगळ्या घराच्या वतीनं नमस्कार करणारा माणूस. सरकारलाही हे ठाऊक होतं. स्वातंत्र्यानंतरचं आपलं पहिलं तिकीट २१ नोव्हेंबर १९४७ ला निघालं. त्यावर तिरंगा, किंमत साडेतीन आणे, आणि ते होतं परदेशी जाणाऱ्या पत्रांसाठी. घरच्या पत्रांसाठीचं अशोकस्तंभाचं दीड आण्याचं तिकीट निघालं नंतर, १५ डिसेंबरला. नवे कप आधी पाहुण्यांना, ही आपली जुनीच रीत. पुढे १५ ऑगस्ट १९४८ ला गांधीजींची तिकिटं आली, ती छापली मात्र स्वित्झर्लंडमध्ये. जन्मभर स्वदेशीचा आग्रह धरलेल्या माणसाच्या नशिबी हेही होतं. आम्हा नाशिकरोडवाल्यांना ते अजून लागतं.

मी एक थोर पुरुष निवडले. मग मनात आलं, यांच्या तोंडावर आत्ता काळा शिक्का बसणार, तोही माझ्या पैशानं. ते परत केले. पक्षी घेतला. तो सुंदर होता, पण त्याची किंमत दराशी जुळेना. तीन लहान घेतली तर दोन रुपये कमी, चार घेतली तर एक रुपया जास्त. बाई म्हणाल्या, "एक रुपया जास्त होतोय, चालेल?" मागे रांग वाढत होती. मी जन्मभर हिशेबखात्यात काढलेला माणूस. एक रुपया जास्त म्हणजे चूक आणि दोन रुपये कमी म्हणजेही चूक. पण या दोन चुका सारख्या आहेत का, हा प्रश्न आमच्या घरात पन्नास वर्षांपूर्वीच निघाला होता आणि त्याचा निकाल अजून लागलेला नाही.

आमचे अण्णा सरकारी कारकून. घरी आलेल्या पत्राच्या तिकिटावर पोस्टाचा शिक्का उमटलेला नसला, की अण्णा खिशातलं पेन काढून त्या तिकिटावर फुली मारीत. "सरकारनं काम केलं, सरकारला दाम मिळाला. आता हा कागद मेला." आईचं मत निराळं. अण्णांच्या आधी पत्र तिच्या हाती लागलं, तर ते तिकीट वाटीतल्या पाण्यात भिजून, सुटून, पेल्याच्या पाठीवर वाळत पडलेलं असे. "शिक्का मारायचा कंटाळा त्यांनी केला, त्यात माझा काय दोष?" अण्णा चिडत. "ही चोरी आहे!" आई विचारी, "कोणाचं काय गेलं?" अण्णा म्हणत, "मग उद्या तिकीट तपासायला कोणी आलं नाही, तर तू गाडीतून फुकट जाशील?" आणि आई शांतपणे म्हणे, "मला गाडीत बसवून तुम्ही कधी कुठे नेलंत, ते आधी सांगा." इथे नीतिशास्त्र संपून गृहशास्त्र सुरू होई आणि अण्णा पेपर वाचायला घेत.

पण मला सांगायचंय ते त्या वाळलेल्या तिकिटांबद्दल नाही. माझा मामा नैरोबीला होता. १९७३ सालापासून आई त्याला कार्डं लिहीत असे. विमानाचा दर जास्त, बोटीचा कमी. आईनं एकदा जो दर ऐकला तो ऐकला. मधल्या वर्षांत पोस्टानं दर वाढवले, तरी आई जुन्याच दराची तिकिटं लावत राहिली. आम्हा कोणाच्या हे लक्षात आलं नाही, कारण कार्ड टाकायला ती स्वतः जाई.

आता परदेशी जाणाऱ्या पत्राला तिकीट कमी पडलं तर काय होतं? पोस्ट त्यावर इंग्रजी 'टी' अक्षराचा शिक्का मारतं. हा 'टी' फ्रेंच भाषेतला; 'पार आव्हियाँ'सारखाच. टपालाच्या जगात अजून फ्रेंचांचा रुबाब आहे. त्या 'टी'शेजारी तुटीचा आकडा लिहितात. मग पलीकडचं पोस्ट ती तूट आपल्या चलनात मोजून, वर दंड बसवून, वसूल करतं ती पत्र घेणाऱ्याकडून. हे नीट लक्षात घ्या. फुकट गाडीत बसलं तर दंड बसणाऱ्याला होतो. इथे गुन्हा नाशिकरोडला आणि दंड नैरोबीला. अण्णांच्या चोरीच्या व्याख्येत निदान सरकार तरी समोर होतं. इथे समोर सख्खा भाऊ.

तसं पाहिलं तर १८४० पर्यंत इंग्लंडात घेणाऱ्यानंच पैसे भरण्याची रीत होती. गरीब माणसं मग पाकिटावरच्या ठरलेल्या खुणा नुसत्या बघत, सगळे सुखरूप आहेत एवढं समजून घेत आणि पत्र नाकारून पोस्टमनला परत पाठवत, अशी एक गोष्ट तिथे सांगत. म्हणजे मिस्ड कॉल हा काही आपला शोध नव्हे. रोलंड हिलनं पाठवणाऱ्याच्या खिशात हात घातला, एक पेनीचं काळं तिकीट काढलं आणि हा खेळ बंद केला.

याहून गमतीचं पुढेच आहे. १८७४ साली बर्नला देशोदेशीच्या टपालवाल्यांनी एकत्र येऊन संघ स्थापला. (आपण त्यात १८७६ ला गेलो.) त्यांनी ठरवलं की तिकिटाचे पैसे ज्या देशानं घेतले त्यानंच ठेवावेत आणि दुसऱ्या देशातून आलेलं पत्र आपण फुकट वाटावं. हिशेब ठेवायचाच नाही. का? तर प्रत्येक पत्राला उत्तर येतंच, तेव्हा फिट्टंफाट होते! हिशेबखात्यातला माणूस म्हणून हे वाचून मला प्रथम घेरी आली. जगातली सगळी माणसं पत्राला उत्तर पाठवतात, या समजुतीवर सरकारांनी जवळजवळ शंभर वर्षं कारभार केला. शेवटी १९६९ साली टोकियोच्या बैठकीत कोणीतरी आहेराची वही उघडली आणि ज्यांच्याकडे पत्रं जास्त येतात त्यांना वाटपाचे पैसे द्यायचं ठरलं. मला विचाराल तर त्या दिवशी जग थोडं शहाणं झालं आणि थोडं कंजूषही.

आमचा मामा या संघाच्या नियमाबाहेरचा होता. आईची चार कार्डं गेली, की त्याचं एक येई. त्यात तब्येत, पाऊस आणि 'ताई, काळजी घे' एवढंच असे. दंडाचा शब्द नाही.

मामा गेल्यावर १९९४ साली मामी पुण्याला राहायला आल्या. त्यांनी मला एक बिस्किटांचा पत्र्याचा डबा दिला. त्यात आईची एक्केचाळीस कार्डं होती आणि सुरुवातीची काही सोडली तर प्रत्येकावर 'टी'. मी उभ्या उभ्या तुटीची बेरीज केली, सवय. मामी सांगायला लागल्या, "तिकडे काही पोस्टमन घरी येत नाही. पोस्टात आपली पेटी असते. पैसे भरायचे असले की पेटीत चिठ्ठी टाकतात. मग हे कामावरून निघायचे, रांगेत उभे राहायचे, पैसे भरून कार्ड आणायचे. मी म्हणायची, वन्संना एकदा कळवून टाका. तर हे म्हणायचे, नको. कळवलं तर ती लाजेल आणि लिहायचीच बंद होईल."

मी डबा घेऊन घरी आलो. आई मेथी निवडत होती. तिला कार्डं दाखवली, 'टी' दाखवला, अर्थ सांगितला. मला वाटलं, आता ती रडेल. ती चष्मा सारखा करून म्हणाली, "माहीत आहे मला. दर वाढल्याचं पोस्टात पाटीवर लिहिलं होतं. वाचता येतं मला."

"मग?"

"मग काय? पैसे भरून घेतलेलं पत्र माणूस नीट वाचतो तरी."

हे खरं होतं, की वाढीव पैसे अण्णांकडे मागायला नकोत म्हणून होतं, की मेथी निवडता निवडता सुचलेलं उत्तर होतं, हे मला आजतागायत कळलेलं नाही. आईनं पुढे एवढंच विचारलं, "सगळी ठेवली होतीन का रे त्यानं?" मी हो म्हटलं. "एक्केचाळीस?" आकडा मी तिला सांगितलेला नव्हता.

अण्णा तेव्हा हयात होते. त्यांना मी हे प्रकरण सांगितलं नाही. ते सगळी कार्डं समोर ठेवून फुल्या मारत बसले असते. का कोण जाणे, कदाचित नसतेही बसले. पण पाहायचं धैर्य मला झालं नाही. हिशेबाच्या भाषेत सांगायचं तर ही रक्कम कोणाच्या नावे टाकायची, याचा मी तीस वर्षं विचार करतो आहे. आई देणं लागते, हे उघड आहे. फक्त ज्याला येणं आहे तो ते येणं मानत नव्हता, अशी नोंद कुठल्या वहीत करतात?

"आजोबा, आटपा ना," मागून कोणीतरी म्हणालं.

मी बाईंना विचारलं, "समजा, दोन रुपये कमीच लावले तर?"

"तर तिकडे घेणाऱ्याला भरावे लागतील, नाहीतर परत येईल. कशाला कमी लावता?"

"नाही, सहज विचारलं."

एकदा वाटलं, बघावं तरी. नऊ वर्षांची पोर आईबापांकडून पैसे मागून माझं कार्ड सोडवून आणते का, ते कळेल. मग वाटलं, एवढी खात्री आईला होती; मला कुठे आहे? शिवाय डेन्मार्कमध्ये २०२५ सालच्या अखेरीला सरकारी टपालवाल्यांनी पत्रं वाटणं बंदच केलं आणि जर्मनी त्यांच्या शेजारीच आहे. असल्या दिवसांत प्रयोग नकोत. मी चारी पक्षी घेतले. खिडकीशेजारच्या बाटलीतला डिंक लावून चिकटवले, तेव्हा त्यांनी कार्डाची निम्मी जागा व्यापली आणि माझ्या मजकुराला चार ओळी उरल्या. त्यातल्या एका ओळीत 'उत्तर पाठव' असं लिहिलं.

कार्ड बाईंच्या हातात दिलं आणि म्हटलं, "शिक्का जरा नीट मारा हं. चारी तिकिटांवर."

बाई हसल्या. "जर्मनीत आपलं तिकीट कोण पुन्हा वापरणार आहे, आजोबा?"

"तरी मारा," मी म्हटलं.