मक्याचा मुहूर्त

पुण्याजवळच्या मुळशी तालुक्यातल्या घोटावड्याला श्रावणात येऊन गेलेल्या माणसाला हे गाव वर्षातले सात-आठ महिने कोरडं असतं, हे सांगून पटत नाही. ताम्हिणीकडून येणारे ढग भाताची खाचरं तुडुंब भरतात आणि जिकडेतिकडे हिरवं दिसतं. दिवाळी सरली की आभाळाशी देणंघेणं संपतं. वर मुळशीचं धरण आहे खरं, पण त्याचं पाणी वीज करायला पश्चिमेचा घाट उतरून भिऱ्याला जातं. इकडे ज्याची विहीर त्याचं पाणी, नाहीतर टँकर. खाचरांचे आता प्लॉट पडलेत. हिंजवडीत नोकरी करणारी माणसं बंगल्यामागे चार वाफे करतात आणि त्यातल्या एकात हौसेने स्वीट कॉर्न टोकतात. बहुधा मार्चमध्ये, मुलांच्या परीक्षा संपता संपता.

मे महिन्यात तिथे पुरुषभर उंचीची, गर्द हिरवी झाडं उभी असतात. कणीस सोलावं तर आत मोजके दाणे, तेही विखुरलेले. दोष उन्हाला दिला जातो.

पण मका हे उन्हाचंच लेकरू. सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वी मेक्सिकोतल्या बाल्सास नदीच्या खोऱ्यात माणसांनी टिओसिंटे नावाच्या गवतातून तो घडवला. ऊस, ज्वारी आणि मका रणरणत्या उन्हात ज्या काटकसरीने कर्बवायू धरून ठेवतात, ती रीत हॅच आणि स्लॅक या शास्त्रज्ञांनी १९६० च्या दशकात उसाच्या पानांवर काम करून उलगडली. ॲरिझोनाच्या वाळवंटात होपी लोक पिढ्यान्‌पिढ्या केवळ जमिनीतल्या ओलीवर मका पिकवत आले आहेत. काठीने वाळू उकरायची, ओल लागेपर्यंत खोल जायचं, एका खड्ड्यात बरेच दाणे टाकायचे आणि पुढचा खड्डा भरपूर अंतर सोडून घ्यायचा. तेव्हा उष्णता ही मक्याची मुख्य अडचण नव्हे. अडचण आहे वेळेची, आणि ती फुलोऱ्याच्या आठवड्यात येते.

मक्याने नर शेंड्यावर ठेवला आहे आणि मादी कमरेला. वर तुरा, खाली कणीस, आणि कणसाच्या तोंडातून बाहेर पडणारा एकेक केस म्हणजे एकेका दाण्याचं नशीब. केस नुकते डोकावू लागलेलं एखादं कणीस हातात घेऊन त्याची पानं अलगद उलगडावीत. बुडाकडच्या दाण्यांचे केस आधी निघून लांब गेलेले असतात, टोकाकडचे अजून आखूड असतात. भिंगातून पाहिलं तर प्रत्येक केसावर बारीक, ओलसर लव दिसते. परागकण तिच्यावर चिकटतो, नळी काढतो आणि केसाच्या आतून उतरत साधारण एका दिवसात दाण्यापाशी पोचतो. ज्या केसावर काही पडलं नाही, त्याची जागा कणसात रिकामी राहते. टोकाकडचे दाणे नेहमी का फसतात, त्याचंही उत्तर इथे आहे: त्यांचे केस बाहेर येईतो तुऱ्यातला माल संपत आलेला असतो.

एका झाडाचा तुरा जेमतेम आठवडाभर पराग सोडतो, तोही मुख्यतः सकाळी, दव उडाल्यावर. सुटलेला पराग बऱ्या हवेत काही तास जगतो. तापलेल्या, कोरड्या हवेत काही मिनिटांत निकामी होतो. केसाचं दुखणं वेगळं. त्याची वाढ पाण्यावर चालते, पाण्याचा ताण पडला की तो मागे राहतो. तुरा मात्र ताण पडला तरी जवळपास ठरल्या दिवशी हजर असतो. म्हणजे नवरदेव बोहल्यावर आणि नवरीची गाडी अजून फाट्यावर! दुष्काळात टिकणारे वाण निवडताना मका संशोधक तुरा आणि केस यांच्यातलं हे दिवसांचं अंतर मोजतात, यातच सगळं आलं.

म्हणून पेरणीची तारीख पुढे नव्हे, मागे मोजावी. आधी फुलोरा कोणत्या हवेत यायला हवा ते ठरवायचं आणि तिथून पन्नास-पंचावन्न दिवस मागे यायचं. घोटावड्यात जानेवारीच्या अखेरीस टोकलं तर तुरा मार्चच्या उत्तरार्धात येतो, सकाळी अजून गारवा असताना. ऑगस्टच्या शेवटी टोकलं तर ऑक्टोबर मिळतो, तो त्याहून बरा. जूनची पेरणी भाताला शोभते. मक्याची मुळं खाचरात साचलेल्या पाण्यात गुदमरतात आणि भिजलेला पराग हवेत उडत नाही. मार्चची पेरणी मी तरी करणार नाही. करायचीच असेल तर निदान तुऱ्यापासून दाणे भरेपर्यंत पाण्यात खंड पडू देऊ नये, बुडाशी पेंढ्याचं जाड आच्छादन घालावं (मुळशीत पेंढ्याला तोटा नाही) आणि सकाळी तुरे कागदी पिशवीत झटकून तो पिवळा भुगा हाताने केसांवर सोडावा.

आणखी एक. परसबागेचा आपला संस्कार एकेका झाडाचा आहे: एक कढीपत्ता, एक लिंबू, दारात एक तुळस. मका या हिशोबात बसत नाही. कुंपणाच्या कडेने एका ओळीत लावलेला मका दिसतो छान, पण वारा त्याचा पराग रस्त्यावर नेऊन टाकतो. चार ओळींत चार-चार झाडं असा चौकोन केला तर तोच पराग शेजारणीच्या केसांवर पडतो. मक्याला जमाव लागतो.

आता गोडव्याचं. स्वीट कॉर्नचा गोडवा म्हणजे अर्ध्यावर अडलेलं काम आहे. साध्या मक्याच्या दाण्यात येणाऱ्या साखरेचं पिठात रूपांतर होत जातं. इथे त्या साखळीतली एक कडी निकामी असते आणि साखर साखरच राहते. इलिनॉय विद्यापीठातले जॉन लॉफनन यांनी वाळल्यावर सुरकुतणाऱ्या अशाच एका मक्यावरचा अभ्यास १९५३ मध्ये प्रसिद्ध केला आणि आजचे अतिगोड वाण त्या वाटेने आले. जिभेला जे सुख, ती अंकुराची उपासमार. बी सुरकुतलेलं, हलकं, पोटात शिदोरी थोडी. होप्यांसारखं ते खोल पेरलं तर वर येण्याआधीच त्याची ताकद संपते. डिसेंबरच्या गारठ्यात टोकलं तर मातीतच कुजतं. ते बोटाच्या एका पेराएवढं खोल आणि कोमट, वाफशावर आलेल्या मातीत जायला हवं. वाळवंटात निभावण्याचं जे कसब मक्याने हजारो वर्षांत कमावलं, त्यातलं बरंचसं आपण गोडीच्या बदल्यात देऊन टाकलं आहे. हा सौदा वाईट होता असं नाही, पण किंमत माळ्याने भरायची असते.

ही अडलेली कडी भलतीच नाजूक असते. बापाकडून धडधाकट जनुक आला की दाणा निमूटपणे पीठ करू लागतो, त्याच हंगामात, त्याच कणसात. आंबा-पेरूत परक्या परागाचा परिणाम आपल्या जिभेला कळत नाही, कारण आपण गर खातो. मक्यात आपण बीच खातो. घोटावड्याच्या आसपास दुभत्या जनावरांसाठी ‘आफ्रिकन टॉल’ हा वैरणीचा मका सर्रास केला जातो. त्याचा आणि तुमचा फुलोरा एकाच वेळी आला तर कणसात मधूनमधून टपोरे, पिठूळ दाणे निघतात. बियाणं फसवं निघालं म्हणून दुकानदाराशी भांडण्याआधी कुंपणापलीकडे पाहावं. सातबारा, तारेचं कुंपण, दगडी गडगा यांतलं वाऱ्याला काहीच लागू नाही. शेजाऱ्याला त्याची पेरणीची तारीख विचारून आपली तीनेक आठवडे पुढेमागे करणं, हा एकच इलाज.

पोंग्यातल्या लष्करी अळीबद्दल वेगळं लिहायला हवं. २०१८ मध्ये ती अमेरिकेकडची पाहुणी भारतात पहिल्यांदा आढळली आणि इथलीच होऊन बसली. रोज सकाळी पोंग्यात डोकावून दिसेल ती अळी चिरडणं, एवढं सोळा झाडांना पुरतं.

केस बाहेर आल्यापासून विसाव्या दिवसाच्या आसपास, ते तपकिरी होऊन सुकले की दाण्याला नख लावून पाहायचं. पाणी आलं तर थांबायचं, दूध आलं तर तोडायचं, पिठाळ चीक आला तर दोन दिवस हुकले. उन्हाळ्यात दूध ते चीक हा पल्ला फारच छोटा असतो. तोडायचं पहाटे आणि उकडायचं त्याच सकाळी. शेगडीवर भाजायला मात्र हे कणीस नेऊ नये. निखाऱ्यावर त्याची साखर करपते आणि दाणे आकसून चिवट होतात. त्यासाठी पावसाळ्यात पौड रस्त्याला भाजून मिळणारा, पिठाने भरलेला देशी मकाच हवा, वर लिंबू आणि तिखट-मीठ.