अंथरूण आणि पाय

'अंथरूण पाहून पाय पसरावेत' ही म्हण मी छत्तीस वर्षं फळ्यावर लिहिली. सुविचाराची जागा रिकामी राहिली की हमखास हीच. तिचा अर्थ मुलांना समजावून दिला, तिच्यावर दहा-दहा ओळी लिहून घेतल्या, आणि पगाराच्या दिवशी घरी येऊन ती स्वतःलाही ऐकवली. पण या म्हणीत एक भलंमोठं भोक आहे, हे ध्यानात यायला निवृत्तीनंतरची दहा वर्षं जावी लागली. ज्याच्या घरी अंथरूण आधीच आहे, त्याच्यापुरती ही म्हण ठीक आहे. पण दुकानात उभं राहून नवं अंथरूण विकत घेताना पाय किती लांब धरावेत, यावर आपले पूर्वज एक अक्षर बोललेले नाहीत. बहुधा त्यांना अंथरूण आजोबांकडूनच मिळत असावं.

मला हा प्रश्न कॉम्प्युटरमुळे पडला.

आमचा जुना कॉम्प्युटर गेल्या दिवाळीत गेला. अगदी अचानक गेला असं म्हणता येणार नाही. शेवटी शेवटी बटण दाबून मी बाजारात जायचो, कोथिंबिरीची जुडी घेऊन यायचो, ती निवडून व्हायची, तेव्हा कुठे त्याला शुद्ध यायची. भाऊबिजेला पुण्याहून पुतण्या आला. त्याने नाडी पाहावी तसा कॉम्प्युटरला हात लावला आणि म्हणाला, "काका, आता दुरुस्ती नको. नवा घ्या." मग एका लग्नपत्रिकेच्या पाठीवर त्याने दोन स्थळं मांडली.

पहिलं स्थळ म्हणजे मिनी पीसी. आमच्या आजोबांच्या पानाच्या डब्याएवढा. स्क्रीनच्या पाठीला स्क्रूने अडकवला की घरात आहे हे पाहुण्यांना कळतसुद्धा नाही. आत लॅपटॉपच्या जातीचा प्रोसेसर. आवाज जवळजवळ नाही. लिहिण्या-वाचण्याचं काम असलं तर छताच्या पंख्यापेक्षा कमी वीज खातो. किंमत ३७ हजार.

दुसरं स्थळही अंगाने लहानच, पण पराक्रमी. मूर्ती लहान, कीर्ती महान. तेलाच्या पंधरा किलोच्या डब्यापेक्षा जरा बुटका. पण आत स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड, ६५० वॅटचा पॉवर सप्लाय आणि तीन पंखे. किंमत १ लाख ३९ हजार.

"तुम्ही त्यावर करणार काय, ते सांगा आधी," पुतण्या म्हणाला.

मी यादी सांगितली. निवृत्तांच्या संघटनेची पत्रं. सोसायटीचा हिशेब. रविवारी बंगळुरूच्या नातीशी बोलणं. शिवनेरीवरचं माझं पुस्तक, जे सहा वर्षं दुसऱ्या प्रकरणात आहे. आणि हो, त्या कॅसेटी.

"एवढ्याला पहिला पुरे, काका."

'पुरे' हा शब्द मला लागला. पंगतीत आपण 'पुरे' म्हणणं वेगळं आणि वाढप्याने परस्पर ठरवणं वेगळं. मी म्हणालो, "पण लागलं तर?"

'लागलं तर' या दोन शब्दांवर मराठी मध्यमवर्गाचा संसार उभा आहे. आमच्या माळ्यावर चढलात तर तुम्हाला 'लागलं तर'चं अख्खं म्युझियम दिसेल. शंभर माणसांच्या आमटीचं पितळी पातेलं आहे. ते १९९६ साली चिरंजीवांच्या मुंजीत एकदा लागलं, त्यानंतर ते आम्हालाच लागतं, माळ्यावर चढताना, कपाळाला. विकून टाकलेल्या स्कूटरचा आरसा आहे. 'पाहुणे आले तर' म्हणून ठेवलेले बारा काचेचे ग्लास आहेत. पाहुणे आले तेव्हा 'चांगले पाहुणे आले तर' म्हणून ते पुन्हा वर गेले. थोडक्यात, जे लागतं ते आमच्याकडे वेळेवर सापडत नाही आणि जे सापडतं ते लागत नाही.

पुतण्या पुण्याला गेला, पत्रिका माझ्याकडे राहिली. रात्री झोप येईना. मी विचार करू लागलो, की 'लागलं तर' म्हणजे नक्की कुणाला लागलं तर? मला? मला तर ग्राफिक्स कार्ड कशाशी खातात तेही ठाऊक नव्हतं. मग डोळ्यांपुढे हळूहळू एक गृहस्थ उभे राहिले. दिसायला माझ्यासारखेच, पण ताठ. ते शिवनेरीचे सातही दरवाजे कॉम्प्युटरवर हुबेहूब उभे करत होते. जुन्या काळचं जुन्नर, नाणेघाटातून वर येणारे तांडे, यांचे बोलपट काढत होते. पहाटे पाचला उठत होते. ते ग्राफिक्स कार्ड या गृहस्थांना लागणार होतं. म्हणजे ज्या माणसाला मी आजवर एकदाही भेटलो नाही, त्याच्यासाठी मी माझ्या पेन्शनमधून १ लाख २ हजार रुपये जादा मोजायला निघालो होतो.

आता खरं ते सांगतो. त्या डब्यात मला वेग नको होता. मी ६८ वर्षांचा आहे. या वयात घरचे लोक प्रेमाने आपलं माप लहान करत आणतात. भात कमी वाढतात, पिशवी हातातून काढून घेतात, 'तुम्ही बसा हो' म्हणतात. त्यात पानाच्या डब्याएवढा कॉम्प्युटर घ्यायचा म्हणजे त्या मापावर आपणच सही करायची: यापुढे मला एवढंच लागेल. उलट तो पराक्रमी डबा घरात आला, की याच्या हातून अजून काहीतरी मोठं व्हायचं आहे, असा समज पसरायला वाव राहतो. निदान माझा तरी.

सौभाग्यवतींना विचारलं. त्या म्हणाल्या, "घ्या की मोठा. तुमचे पैसे आहेत." विवाहित वाचकांना या वाक्याचा अर्थ सांगायला नको. यापेक्षा सरळ नकार परवडतो.

मग विजेचा विचार केला. आमच्या भागात वीज आणि बिबट्या यांचा स्वभाव सारखा आहे. दोघंही कधी येतील नि कधी जातील याचा नेम नाही. शेताला पाणी द्यायची वीज कितीदा रात्री येते आणि उसातला बिबट्याही रात्रीच बाहेर पडतो, म्हणून शेतकरी बिचारे दिवसा वीज द्या म्हणून वर्षानुवर्षं ओरडताहेत. गावात बिबट्याचं भय थोडं कमी, पण इन्व्हर्टर हवाच. आमच्या इन्व्हर्टरवर दोन पंखे, चार दिवे आणि सौभाग्यवतींची मालिका एवढा संसार चालतो. तो पराक्रमी डबा जोरात आला की एकटाच चारपाचशे वॅट ओढणार. म्हणजे मी शिवनेरीचे दरवाजे उभे करायचे आणि घरातल्यांनी अंधारात बसून ते पाहायचे.

शेजारच्या अण्णांचा सल्ला घेतला. अण्णा बागायतदार. द्राक्षं, टोमॅटो, थोडा ऊस. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "गुरुजी, आमच्या बागंत छोटाच ट्रॅक्टर चालतो. दोन वळींच्या मधी जागाच तेवढी. पन्नास हॉर्सपॉवरचा घातला तर ट्रॅक्टर पुढं जाईल, पन मागं बाग ऱ्हानार न्हाई."

एवढं तत्त्वज्ञान मला कुठल्या ग्रंथात मिळालं नव्हतं. भारावून मी त्यांना रस्त्यापर्यंत सोडायला गेलो. तिथे त्यांची सात माणसांची मोटार उभी होती. २०२३च्या जुलैत टोमॅटोला सोन्याचा भाव आला तेव्हा घेतलेली. अण्णा तिच्यातून एकटेच नारायणगावच्या मार्केटला जातात. "बाकीच्या सीटा?" मी विचारलं. "असाव्यात," अण्णा म्हणाले, "लागल्या तर." दुसऱ्याचे पाय मोजताना माणसाची पट्टी नेहमी बरोबर असते.

तरीही अण्णांच्या बागेने मला एका जुन्या गोष्टीची आठवण करून दिली. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत विज्ञान दिनाला मी मुलांना खोडदला घेऊन जायचो. तिथली रेडिओ दुर्बीण ठाऊक असेलच. ३० तबकड्या, एकेकीचा व्यास ४५ मीटर. पहिल्या वर्षी एका पोराने वर पाहिलं आणि माझा सदरा ओढून म्हणाला, "गुरुजी, ह्याला तर भोकं हायेत!" खरंच होतं. तबकडी पत्र्याची नाही, तारांच्या जाळीची आहे. गोविंद स्वरूप यांची ही कल्पना. त्यांना आकाशातल्या ज्या लहरी पकडायच्या होत्या, त्या चांगल्या हातभर-वावभर लांबीच्या. तेवढ्या लांब लहरीला बोटभर भोकाची जाळी म्हणजे भिंतच. ती परतून वर मध्यावर जाते. वारा मात्र आरपार निघून जातो. वारा अडत नाही म्हणून सांगाडा हलका, सांगाडा हलका म्हणून खर्च कमी, आणि खर्च कमी म्हणून एकाच्या जागी तीस तबकड्या. आपल्याला कुठली लहर पकडायची आहे हे ज्याला पक्कं ठाऊक असतं, तोच जाळीवर भागवू शकतो. ज्याला ठाऊक नसतं तो पत्रा घेतो. लागला तर असावा म्हणून.

आणि गंमत म्हणजे, त्याच खोडदला आज खोलीभर ग्राफिक्स कार्डं आहेत. तीस तबकड्यांनी ऐकलेलं एकमेकांशी ताडून पाहायला क्षणोक्षणी जे अफाट गुणाकार करावे लागतात, ते त्या कार्डांवर होतात. तबकडीला पत्रा न लावणाऱ्या संस्थेने कार्डांत मात्र हात आखडता घेतला नाही. तेव्हा लहान ते सात्त्विक आणि मोठं ते तामसी, असा हिशेब मांडण्यात अर्थ नाही. साधेपणाचाही एक माज असतो. 'आमचं काय, आम्हाला एवढंसंच पुरतं' असं चारचौघांत चारदा सांगणारा माणूस हाव सुटलेल्या माणसाइतकाच कंटाळवाणा असतो. शिवाय न्यायाने बोलायचं तर त्या मोठ्या डब्यातला एखादा भाग बिघडला की तेवढाच बदलता येतो. पानाच्या डब्यातला प्रोसेसर मात्र पाटीला जो चिकटलेला असतो तो कायमचा. प्रश्न लहान-मोठ्याचा नाहीच. प्रश्न माझी लहर कुठली, हा आहे.

माझी लहर चपलांच्या खोक्यात होती.

१९८०च्या दशकात मी आंबेगाव तालुक्याच्या पश्चिमेला, भीमाशंकरच्या बाजूच्या एका वाडीवर शिक्षक होतो. डिंभ्याचं धरण बांधणं चालू होतं. घोड नदीच्या काठचं जुनं आंबेगाव पुढे त्याच्या पाण्याखाली गेलं. ज्या गावाच्या नावाने तालुका ओळखला जातो ते गाव बुडालं, नाव तेवढं सरकारी कागदावर तरंगत राहिलं. त्या दिवसांत मी एक टेपरेकॉर्डर हप्त्याने घेतला होता, आणि संध्याकाळी घरोघर जाऊन म्हाताऱ्या माणसांना बोलतं करायचो. हिरड्याचे दिवस, पावसाळ्यातले उपास, नदीकाठचं गाव, जात्यावरची गाणी. अशा चाळीस कॅसेटी. त्यातलं कुणीही आता नाही. टेप हळूहळू मरते हे मला ठाऊक होतं. गेली बावीस वर्षं मी म्हणत होतो, या सगळ्या कॉम्प्युटरवर घ्यायला पाहिजेत. एक चांगलं मशीन आलं की करतो.

पुतण्याला फोन केला. "अरे, त्या कॅसेटी उतरवायच्या तर मोठाच हवा ना? पटापट होतील."

तो जरा थांबला. "काका, कॅसेट तिच्या चालीनेच वाजणार. साठ मिनिटांची कॅसेट सदतीस हजारांच्या मशीनवर साठ मिनिटं घेते आणि दीड लाखाच्या मशीनवरही साठच मिनिटं घेते. तिथे कार्डाचं काही काम नाही. कुणीतरी बाजूला बसून ऐकायचं, एवढंच."

फोन ठेवून मी हिशेब केला. चाळीस कॅसेटी, चाळीस तास. रोज एक म्हटलं तरी सव्वा महिना. बावीस वर्षं मी ज्या मशीनची वाट पाहत होतो, त्याच्याशी या कामाचा काही संबंधच नव्हता. माझा तो मेलेला कॉम्प्युटरसुद्धा हे करू शकला असता, कोथिंबीर निवडून झाल्यावर. मोठं यंत्र ही माझी गरज नव्हती, हौससुद्धा नव्हती. काम पुढे ढकलण्याची ती सभ्य रीत होती. यंत्र लहान असण्याचा खरा तोटा मला तेव्हा कळला. त्याच्यामागे लपता येत नाही.

पानाचा डबा घेतला. कॅसेट-प्लेअर शेजाऱ्यांच्या माळ्यावर मिळाला. (लागलं तर ठेवला होता, लागला. माळ्याविषयी मी वर जे बोललो ते अंशतः मागे घेतो.) शे-पाचशेची एक वायर आणली. पहिलीच कॅसेट बाहेर आलेल्या टेपेला पेन्सिलीचे फेरे देत सरळ केली आणि बटण दाबलं. आधी नुसती खरखर, मग पाऊस, मग एका कोंबड्याचं बोलणं, आणि मग ती म्हातारी. अर्ध्या तासातच दिवे गेले. इन्व्हर्टरने एकदा चूं केलं. पंखा मंदावला, म्हातारी बोलतच राहिली.

मध्येच तिने विचारलं, "ह्या पेटीत किती मावतं रं, मास्तर?"

एक कोवळा आवाज म्हणाला, "एका बाजूला तीस मिनिटं, आजी." तो मीच होतो.

"मंग पुरं की," म्हातारी म्हणाली, आणि जात्यावरचं गाणं सुरू झालं.

सौभाग्यवती दारात उभ्या होत्या. मालिका इन्व्हर्टरवर चालू असूनही उभ्या होत्या. गाणं संपेपर्यंत काही बोलल्या नाहीत.

आजवर अकरा कॅसेटी झाल्या, एकोणतीस राहिल्या. तीन-चार ठिकाणी खरखरीमुळे शब्द नीट लागत नाहीत, म्हणून कालच पुतण्याला फोन करून एका भारी हेडफोनची चौकशी केली.

म्हणजे असावा जवळ. लागला तर.