नवलाच्या झाडांपुढे

सावर्ड्याच्या घरामागे गडग्याला लागून थोडी मोकळी जागा आहे. तिथे मुलांसाठी गोष्टीतल्यासारखी बाग करायची आहे. नाग, राक्षस, जादूचे दिवे, सगळं झाडांमधूनच दिसावं अशी. कुठली झाडं लावायची ते ठरवायला बसले आणि प्रत्येक नावापाशी मनाला विचारत गेले: हे मला का हवंय? मुलांसाठी, की येणाऱ्या-जाणाऱ्याने थबकून बघावं म्हणून?

पहिलं नाव कळलावीचं. पानाचं टोकच वळून त्याचा तणावा होतो, त्याने ती कुंपणावर चढते. वर वळलेल्या पाकळ्या आधी हिरवट, मग पिवळ्या, मग लालभडक. परीकथेला याहून शोभणारं फूल मला माहीत नाही. पण तिच्या कंदात कोल्चिसिन असतं आणि ते माणसाचा जीव घेतं. गुंजेचंही तसंच, त्या देखण्या लाल-काळ्या बीत ॲब्रिनचं विष. मुलं तर दिसेल ते तोंडात घालायच्या वयाची. दोन्ही नावं खोडली. कळलावी खोडताना जीव तुटला. तो फुलासाठी तुटला की मिरवण्यासाठी, हे मला छातीठोक सांगता येत नाही.

खरा पेच पुढेच होता. कंदीलपुष्पाच्या लांबट नळीत चिमुकली माशी शिरते. आतले केस खाली वळलेले, त्यामुळे तिला परत फिरता येत नाही. केस कोमेजले की ती परागकण घेऊन सुटते. कोणाही लेखकाला सुचू नये अशी ही गोष्ट. त्याच्या कित्येक जाती फक्त आपल्या पश्चिम घाटातच आहेत. कातळसड्यावर, म्हणजे उघड्या खडकाळ पठारावर, जूनमध्ये दीपकाडी उमलते, पुढे सीतेची आसवं, आणि चिकट थेंबांनी किडे धरणारं दवबिंदू. सड्यावरून मातीसकट एक कंद उचलला तर कोणाला कळणार? मला कळेल. आणि दवबिंदू तर माझ्या शेणखताच्या वाफ्यात जगणारच नाही. निकस, ओल्या कातळावर मिळत नाही ते नत्र किड्यांतून मिळवायला त्याने ती चिकट पानं कमावली आहेत. मला जे विचित्र दिसतं, ते त्याचं पोट भरण्याचं साधन आहे.

सड्याला आपण पडीक म्हणतो. चिऱ्याच्या खाणी, हापूसच्या बागा यांसाठी तो फुटतो. माझं घरही चिऱ्याचंच आहे, म्हणून इतरांकडे बोट दाखवताना माझा हात जड होतो. निदान उरलेल्यातून मी काही उचलणार नाही, एवढं माझ्या हातात आहे.

परदेशी झाड नकोच, असा सोपा नियम करायचा मोह झाला. तो खोटा ठरला असता. कृष्णकमळ अमेरिकेकडचं, पण त्याच्या झालरीत कौरव, पाच पुंकेसरांत पांडव आणि वरच्या तीन कुक्षींत ब्रह्मा-विष्णू-महेश आपणच पाहिले. उलट घाणेरीही शोभेसाठीच आली होती आणि आज रानं गिळते आहे. म्हणजे विचारायचं ते एवढंच, की हे झाड माझ्या गडग्याच्या आत राहील का?

तेव्हा कृष्णकमळ लावते आहे, कुंडीत पानफुटी, आणि कोपऱ्यात सुरण. पानाआधी जमिनीतून थेट वर येणारं सुरणाचं जांभळं फूल कुजक्या मांसासारखा वास सोडून भुंगेऱ्यांना बोलावतं. पाहुणे नाक मुरडतील. मुलांना राक्षस मिळेल. लाजाळू मुद्दाम आणायची गरज नाही, ती वाटेवर आहेच.

तुम्हीही अशी बाग करत असाल तर रोपं ओळखीच्या परसातून किंवा रोपवाटिकेतून घ्या. आणि श्रावण-भाद्रपदात मुलांना सड्यावर न्या, गुडघे टेकून बघू द्या, पण तिथलं काही खणू नका.