दुपारची वीज

खडकवासला चौपाटीवर कणीस खाता खाता एका मित्राने धरणाकडे हात केला. "एवढं पाणी नुसतं उन्हात पडलंय. वर सोलर पॅनेल अंथरा, प्रश्न मिटला!"

तो 'मिटला' तेव्हापासून मला छळतोय.

कोळसा काळा, सूर्य फुकट, २०३० पर्यंत ५०० गिगावॉट, २०७० पर्यंत निव्वळ शून्य, हे सगळ्यांना पाठ आहे. पण वीज किती, हा एक प्रश्न आणि वीज कधी, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर लिहून आपण दुसऱ्याचेही गुण मागतो. पॅनेल दुपारी एकला भरभरून देतं. पुणं दिवे लावतं संध्याकाळी सातला.

खडकवासल्याला हे कळायला हवं. पाऊस चार महिने, तहान बारा महिने, म्हणून तर एकोणिसाव्या शतकात फाइफसाहेबाने इथे मुठा अडवली. विजेलाही असं धरण हवं, असं मी मित्राला सुनावलं. अकोले तालुक्यातल्या घाटघरला २५० मेगावॉटचं आहेच: नको असलेल्या विजेवर पाणी वर चढवायचं, हवी तेव्हा खाली सोडायचं. चार युनिट घालून साधारण तीन परत मिळतात. सौदा वाईट नाही. सह्याद्रीत अशा जागा पुष्कळ.

पुष्कळ? डोंगरापलीकडे मुळशी आहे. १९२१ मध्ये टाटांच्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळे उठले. जमीन त्यांची बुडाली, वीज मुंबईला गेली. कोळशाविना झालेली, आजच्या भाषेत स्वच्छ वीज! मावळ्याला त्या स्वच्छतेचं काय कौतुक? "आता बॅटऱ्या स्वस्त होताहेत," मित्र म्हणाला. होताहेत, कबूल. पण साठवण म्हटली की तिचा खर्च कुणावर टाकायचा, हे आधी ठरवावं लागतं.

आणि साठवायचंच कशाला? आपला शेतकरी वर्षानुवर्षं थंडीत, विंचूकाट्यात रात्रीचं पाणी देत आला, कारण त्याच्या फीडरची पाळी रात्री. यंत्रणेच्या सोयीसाठी गरीब माणसाचं घड्याळ आपण बिनदिक्कत फिरवलं. सौर कृषी वाहिनी योजना आता तेच घड्याळ उलटं फिरवू पाहते: ऊन असताना पंप. ना दरी बुडवायची, ना बॅटरी आणायची.

धरणाची बाजू घेऊन भांडायला लागलेला मी आता म्हणतो, आधी वेळापत्रक हलवा, उरेल तेवढंच साठवा. मात्र पाळी शहराचीही आली पाहिजे. सोसायटीच्या गच्चीवरची टाकी ही साठवणच आहे. खालच्या टाकीत पाणी असताना पंप संध्याकाळी सातला कशाला? मित्राला विचारलं. त्यांच्या वॉचमनची ड्युटीच तेव्हा सुरू होते म्हणे.