गवंड्याची विद्या

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे लातूर जिल्ह्यातील किल्लारी आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील सास्तूर या टापूतील गावे भूकंपाने जमीनदोस्त झाली, तेव्हा जी हजारो माणसे झोपेतच मृत्युमुखी पडली, त्यांतील बहुतेकांचे प्राण घेतले ते त्यांच्याच घरांच्या भिंतींनी आणि माळवदांनी. त्या भिंती रुंदीला कमी नव्हत्या. परंतु बाहेरचा दगडी दर्शनी भाग वेगळा, आतला वेगळा, आणि दोहोंमधील पोकळीत कपच्या व चिखल, अशी त्यांची रचना असल्यामुळे, व ही दोन्ही अंगे एकमेकांना जखडणारे आरपार दगड घालण्याचा परिपाठ नसल्यामुळे, हादऱ्यासरशी ती विलग होऊन ढासळली. ज्यांनी त्या भिंती रचल्या ते गवंडी कामचुकार नव्हते. वडिलांनी दाखवले तसेच त्यांनी निष्ठेने बांधले होते. पुढे पुनर्वसनाच्या काळात गावोगावच्या गवंड्यांना आरपार दगडाचे आणि भिंतीभोवती फिरणाऱ्या सलग काँक्रीटच्या पट्ट्याचे तंत्र नव्याने शिकवावे लागले.

कसब पिढीजात आहे, ते आपोआप उतरत जाईल, या समजुतीवर आपण किती काळ विसंबून राहणार? पुण्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय 1854 साली निघाले, ते बांधकाम खात्याला दुय्यम दर्जाचे अंमलदार मिळावेत म्हणून. तेव्हापासून देखरेख करणाऱ्याच्या शिक्षणाची तजवीज होत गेली, आणि ज्याच्या हाती थापी व ओळंबा, त्याचे शिक्षण मात्र घराण्यावर किंवा नशिबावर सोपवले गेले.

आज बांधकामावर येणारा मुलगा सकाळी मजूर नाक्यावर उभा राहतो, मुकादम नेईल तिकडे जातो आणि घमेली वाहता वाहता जे नजरेला पडेल तेवढे उचलतो. माल घट्ट झाला म्हणून तो त्यात बादलीभर पाणी ओततो. त्या जादा पाण्याने काँक्रीटची ताकद कायमची घटते, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. वीट भिजवून का लावायची, सांधेमोड का साधायची, स्लॅबवर निदान सात दिवस पाणी का राखायचे, यांची कारणे त्याला कळत नाहीत, आणि कारण न कळलेले काम देखरेख करणाऱ्याची पाठ वळताच सुटते. उस्तादालाही दोष देता येत नाही. त्याची मजुरी चौरस फुटाच्या हिशेबाने असल्यामुळे पोराला शिकवण्यात गेलेला प्रत्येक तास त्याच्याच पोटावर येतो. माझ्या मते साऱ्या प्रश्नाचे मूळ या हिशेबात आहे.

1961 चा शिकाऊ उमेदवारांचा कायदा याच अडचणीवर तोडगा ठरावयाचा. पण घरबांधणीचे काम ठेकेदार, पोटठेकेदार आणि त्यांच्याही खालचे मुकादम यांत इतके वाटले जाते, की उमेदवाराचा धनी कोण हेच ठरत नाही. 2015 पासून प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेखाली अल्प मुदतीचे वर्ग भरले, प्रमाणपत्रे वाटली गेली. परंतु नाक्यावर कोणता मुकादम ते पाहून मजुरी ठरवतो? याउलट शिरूर तालुक्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 साली स्थापलेल्या विज्ञान आश्रमात मुले गावाच्या गरजेची खरीखुरी कामे करीत शिकतात, आणि हाताने केलेल्या कामामागचे शास्त्र त्यांना तिथल्या तिथे समजावले जाते. हात आणि कारण यांची अशी सांगड प्रत्येक मोठ्या बांधकामावर घालणे अशक्य नाही.

त्यासाठी पैसा नाही, ही सबबही टिकणारी नाही. 1996 च्या कायद्याने बांधकामाच्या खर्चावर एक टक्क्याहून कमी नाही असा उपकर कामगारांच्या कल्याणासाठी बसवला. त्यातूनच उस्तादाला शिकवण्याच्या वेळेची वेगळी मजुरी आणि उमेदवाराला दोन वर्षांचे विद्यावेतन मिळाले पाहिजे. उमेदवारांत मुलीही असाव्यात. बांधकामावर पिढ्यान्‌पिढ्या डोक्यावर घमेली वाहणाऱ्या बायकांच्या हाती थापी देण्याचे क्वचितच कोणाच्या मनात आले, हा मोठा अन्याय आहे. परीक्षा कागदावर न घेता उमेदवाराने रचलेल्या भिंतीवर घ्यावी, परीक्षकाने स्वतः ओळंबा सोडून कोपरा तपासावा, आणि उत्तीर्ण झालेल्या गवंड्याला बिगाऱ्याच्या दराने राबवता येणार नाही, अशी अट ठेक्याच्या करारनाम्यातच घालावी.