ठेकेदार निवडताना

बंगळुरातील आमचे घर जुने आहे. जाड विटांच्या भिंती, तांबडी गुळगुळीत जमीन आणि वर मंगळुरी कौले. काही वर्षांपूर्वी स्वयंपाकघर वाढवण्याचे ठरले, तेव्हा तीन ठेकेदारांनी अंदाजपत्रके दिली. त्यांतील सर्वांत कमी रकमेचे आम्ही स्वीकारले आणि काटकसर साधली म्हणून समाधान मानले. काम निम्म्यावर आले असता एका संध्याकाळी फरशी बसवणारा कारागीर दाराशी आला. तो रायचूरकडचा होता. तीन आठवडे त्याला मजुरी मिळाली नव्हती. घरमालकाने पैसे थकवले आहेत, असे ठेकेदाराने त्याला सांगितले होते. आम्ही तर प्रत्येक हप्ता वेळेवर दिला होता! हिशेबाने आम्ही निर्दोष होतो. तरी त्या रात्री मला झोप लागली नाही.

ठेकेदार निवडताना आपल्या मनात बहुधा एकच भय असते : हा मला फसवील काय? हा प्रश्न योग्य आहे. पण अपुरा आहे. माझ्यासाठी हा आणखी कोणाला फसवील, हेही विचारले पाहिजे. सिमेंट, वाळू व लोखंड यांचे भाव सर्वांना जवळजवळ सारखेच पडतात. एखाद्याचा आकडा इतरांहून फारच खाली असेल, तर ती तूट मालाच्या प्रतीतून तरी भरून निघते, नाहीतर गवंडी-बिगाऱ्यांच्या मजुरीतून. धोकाही प्रथम त्यांच्याच वाट्याला येतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये याच शहरातील बाबूसापाळ्य येथे बांधकाम चालू असलेली बहुमजली इमारत कोसळली, तेव्हा ढिगाऱ्याखाली मजूरच गाडले गेले.

मग विश्वास कोणावर ठेवावा? राजे यांच्या दुसऱ्या पुस्तकात मंदिराच्या डागडुजीची हकिकत आहे. योवाश राजाच्या तेविसाव्या वर्षापर्यंत पैसा जमूनही काम झाले नव्हते. तेव्हा पेटी ठेवण्यात आली, आणि राजाचा चिटणीस व मुख्य याजक मिळून रक्कम मोजू लागले. ती सुतार, गवंडी व पाथरवट यांच्यापर्यंत पोहोचवणाऱ्यांकडे मात्र हिशेब मागण्याची गरज पडली नाही. त्यांची सचोटी तशी होती. येथे इब्री भाषेत ‘एमूना’ हा शब्द आहे. नीतिमान मनुष्य कशाने जगतो हे सांगताना हबक्कूक संदेष्टा हाच शब्द वापरतो. सूर्यास्तापर्यंत स्थिर राहिलेल्या मोशेच्या हातांविषयीही हाच शब्द येतो. भाषांतर करताना आपल्याला कोठे ‘विश्वास’, कोठे ‘प्रामाणिकपणा’, तर कोठे ‘स्थिरता’ असे निरनिराळे शब्द योजावे लागतात. मुळात गुण एकच आहे. आणि लक्षात घ्यावे, की आधी पैसे मोजण्याची चोख व्यवस्था झाली. विश्वास म्हणजे गाफीलपणा नव्हे.

म्हणून अंदाजपत्रक बाबवार लिहून घ्यावे. काम जसजसे पुरे होईल तसतसा हप्ता द्यावा. ठेकेदाराने पूर्वी केलेले, निदान एक वर्ष जुने काम पाहावे. बंगळुरात नैर्ऋत्येचा पाऊस सरतो न सरतो तोच ईशान्येचा येतो, आणि गच्चीचे खरेखोटे दोन्ही मिळून सांगतात. भार पेलणारी भिंत पाडण्याविषयी अभियंत्याचे मत घ्यावे. घाईने ‘होईल’ म्हणणाऱ्यापेक्षा ‘हे करता येणार नाही’ असे सांगणारा बरा. आणि त्याच्या मजुरांना विचारावे, की मजुरी कोणत्या दिवशी मिळते. उत्तर देताना ते क्षणभर थांबले, तर आपणही थांबावे.

यहोयाकीम राजाने प्रशस्त दालने बांधली, गंधसरूची तक्तपोशी केली, हिंगुळाचा रंग दिला. पण कामकऱ्यांना मोबदला दिला नाही. यिर्मयाने त्याला दोष दिला, तो घराच्या सौंदर्याबद्दल नव्हे.

त्या कारागिराची मजुरी आम्ही दिली. ती दुसऱ्यांदा द्यावी लागली, अशी तक्रार मी पुष्कळ दिवस करीत असे. आता तसे म्हणवत नाही. ज्या आकड्यावर आम्ही खूश झालो होतो, त्यात त्याची पुरती मजुरी कधी धरलेलीच नव्हती.